हस्तसंगणक, कालबाह्य : इतिहास व पुनरुज्जीवन

हातात धरून किंवा खिशात ठेवून वापरता येणारा आणि स्वतःची स्मृती, दर्शक पडदा व विद्युत् घट असलेला लहान संगणक म्हणजे हस्तसंगणक होय. सामान्यतः १९७४ ते २००७ या काळात वापरात आलेल्या व भ्रमणध्वनीत विलीन होण्यापूर्वीच्या यंत्रांना ही संज्ञा लावतात. यांतील बहुतेक यंत्रांचे उत्पादन थांबले आहे आणि त्यांसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, व्यवहारातून गेल्या आहेत. अशी बंद पडलेली यंत्रे दुरुस्त करणे, त्यांच्या स्मृतीतील मजकूर वाचून काढणे आणि त्यांची आज्ञावली आजच्या संगणकावर पुन्हा चालविणे या उद्योगास पुनरुज्जीवन म्हणतात. छंद म्हणून सुरू झालेल्या या कामाला आता दप्तरसंरक्षणाचे महत्त्व आले आहे; कारण विसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रवास, जमीनमहसूल, वीजपुरवठा, जनगणना यांसारख्या व्यवहारांतील मूळ नोंदी कागदाऐवजी अशा यंत्रांत होऊ लागल्या. [⟶ संगणक].

ऐतिहासिक आढावा : हस्तसंगणकाचा उगम आज्ञावली घालता येणाऱ्या गणकयंत्रांत आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९७४ मध्ये विक्रीस आणलेल्या एचपी-६५ या गणकयंत्रात शंभर पायऱ्यांपर्यंतची आज्ञावली लहान चुंबकीय पट्टीवर साठविता येई. १९७५ च्या अपोलो-सोयूझ अंतराळ मोहिमेत ते राखीव साधन म्हणून नेण्यात आले होते. १९८० च्या सुमारास जपानमधील शार्प कंपनीने बेसिक भाषेत चालणारा खिशातला संगणक काढला. ब्रिटनमधील सायॉन कंपनीचा ऑर्गनायझर १९८४ मध्ये व त्याची सुधारित आवृत्ती १९८६ मध्ये आली. दुसऱ्या आवृत्तीत ओपीएल ही आज्ञावली-भाषा असल्यामुळे दुकानातील मालाची मोजदाद, किंमत-नोंद यांसाठी वापरणाऱ्यांनी स्वतःच आज्ञावल्या लिहिल्या. याच कंपनीच्या मालिका-३ (१९९१) व मालिका-५ (१९९७) या यंत्रांत कळफलक, शब्दलेखन व हिशेबतक्ते यांची सोय होती.

अॅपल कंपनीने १९९३ मध्ये न्यूटन हे लेखणीने चालणारे यंत्र आणले; हस्ताक्षर ओळखण्याचा त्यातील प्रयत्न प्रारंभी सदोष ठरला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. मार्च १९९६ मध्ये आलेला पाम पायलट मात्र लोकप्रिय झाला. त्याच्या सर्वांत साध्या नमुन्याची स्मृती केवळ १२८ किलोबाइट आणि पडदा १६० × १६० बिंदूंचा होता. दोन लहान विद्युत् घटांवर तो आठवडेच्या आठवडे चाले. न्यूटनने लिहिणाऱ्याचे अक्षर ओळखावे अशी अपेक्षा होती. पायलटने लिहिणाऱ्यालाच ग्रॅफिटी ही एकरेषीय, सुटसुटीत वर्णमाला शिकावयास लावली. त्याच्या रचनेची तांत्रिक माहिती व आज्ञावली लिहिण्याची साधने कंपनीने सर्वांना उपलब्ध करून दिल्यामुळे त्यासाठी हजारो लहान आज्ञावल्या तयार झाल्या. मायक्रोसॉफ्टची विंडोज सीई प्रणालीही १९९६ मध्येच आली. २००७ मध्ये आयफोन व २००८ मध्ये अँड्रॉइड प्रणालीचा भ्रमणध्वनी बाजारात आल्यानंतर स्वतंत्र हस्तसंगणकाचे युग थोड्याच वर्षांत संपले.

ऱ्हासाची कारणे : हस्तसंगणक निकामी होण्याची कारणे तीन प्रकारची आहेत. पहिले भौतिक. आत राहून गेलेले अल्कली घट कालांतराने पाझरतात व त्यांतील दाहक द्रव तांब्याचे मार्ग खाऊन टाकतो. जुन्या चुंबकीय पट्टी-वाचकांतील रबरी चाके चिकट लगदा होऊन बसतात. द्रव-स्फटिक पडद्यावरील ध्रुवणकारी पापुद्रा विघटित होतो आणि बिजागरीतून जाणाऱ्या लवचिक तारपट्ट्या तुटतात. कोकणासारख्या प्रदेशात या क्रिया विशेष वेगाने होतात. पेण व रोहा हे रायगड जिल्ह्यातील तालुके खाडीच्या व समुद्राच्या दमट हवेत येतात; तेथे वर्षाकाठी सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात बंद कपाटातील धातूच्या जोडण्यांवर गंज व पडद्याच्या काचेआड बुरशी धरते. म्हणून यंत्र साठविताना घट काढून ठेवणे, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवणे आणि पुड्या वेळोवेळी तापवून कोरड्या करणे आवश्यक असते.

दुसरे कारण स्मृतीच्या स्वरूपात आहे. पाम, सायॉन इ. यंत्रांत वापरणाऱ्याचा मजकूर वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत असे. मुख्य व राखीव असे दोन्ही घट संपले की यंत्र सुस्थितीत असूनही आतील मजकूर पुसला जाई. पाम यंत्रातील मजकूर आज बऱ्याच प्रमाणात हाती लागतो; कारण पाळण्यासारख्या बैठकीत ठेवून एक कळ दाबताच त्याची प्रत मोठ्या संगणकावर उतरत असे आणि वापरणारे हे नेमाने करीत.

तिसरे कारण कालगणनेचे आहे. न्यूटन यंत्राच्या आज्ञावली-भाषेत १ जानेवारी १९९३ पासूनचे सेकंद मोजण्यासाठी जी पूर्णांक-मर्यादा होती ती ५३,६८,७०,९१२ या आकड्याशी संपत होती. तो क्षण ५ जानेवारी २०१० रोजी येणार होता. कंपनीने यंत्र बंद करून तोवर एक तप उलटले होते. न्यूटनचा अभ्यास करणाऱ्या स्वतंत्र जाणकारांनीच त्यासाठी दुरुस्ती तयार करून सर्वांना दिली आणि शिल्लक यंत्रे पुढे चालू राहिली.

पुनरुज्जीवनाच्या पद्धती : पहिली पद्धत यंत्राच्या दुरुस्तीची. गंज व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने निष्प्रभ करणे, निकामी धारित्रे व तारपट्ट्या बदलणे, एका निकामी यंत्राचे सुटे भाग दुसऱ्यास लावणे इ. कामे तीत येतात. सुट्या भागांचा साठा मर्यादित असल्याने ही पद्धत कायमस्वरूपी नाही.

दुसरी पद्धत स्मृतीची प्रत घेण्याची. यंत्राच्या स्थायी स्मृतीत कारखान्यात भरलेली मूळ प्रणाली असते. तिची बिंदुशः नक्कल काढून ती संचिकेच्या रूपात जपतात. पेण येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यात मूर्ती दरवर्षी विकल्या जातात, पण साचा शाबूत असला की पुढल्या वर्षी तशीच मूर्ती घडविता येते. स्थायी स्मृतीची नक्कल ही हस्तसंगणकाच्या बाबतीत साच्याचे काम करते. विद्युत् भाराच्या रूपात साठविलेली ही माहिती काही दशकांत झिरपून जाते, म्हणून नक्कल वेळेवर घेणे महत्त्वाचे असते.

तिसरी पद्धत एम्युलेटरची होय. एम्युलेटर म्हणजे एका संगणकाच्या सूक्ष्मप्रक्रियकाची, पडद्याची व कळांची वागणूक दुसऱ्या संगणकावर तंतोतंत वठविणारी आज्ञावली. मूळ यंत्राची प्रत्येक सूचना वाचून तिचा परिणाम ती नव्या यंत्रावर घडवून आणते; त्यामुळे जुनी आज्ञावली काहीही बदल न करता चालते. पाम यंत्रातील ड्रॅगनबॉल हा प्रक्रियक मोटोरोलाच्या ६८००० या सुपरिचित कुळातील असल्याने त्याचे एम्युलेटर १९९० नंतरच्या दशकातच तयार झाले होते. कंपनीनेही आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी त्याचा पुरस्कार केला. न्यूटनसाठी आइन्स्टाइन या नावाचा एम्युलेटर आहे. २०२२ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकन संस्थेने क्लाउडपायलट या एम्युलेटरच्या साहाय्याने पाम यंत्राच्या पाचशेहून अधिक आज्ञावल्या कोणासही आपल्या संगणकाच्या पडद्यावर चालवून पाहता येतील अशी व्यवस्था केली. यांत खेळ, दैनंदिन्या, शब्दकोश, हिशेबाच्या वह्या असे नाना प्रकार असून त्यांतील कित्येक एकट्या व्यक्तीने लिहिलेले आहेत.

चौथी पद्धत आज्ञावलीच्या मूळ लेखनावर, म्हणजे स्रोत-संहितेवर आधारलेली आहे. संहिता हाती असल्यास ती नव्या प्रणालीसाठी पुन्हा संकलित करता येते व तीत सुधारणाही करता येतात. पहिल्या तीन पद्धतींनी आज्ञावली जशी होती तशी राहते. चौथीने ती वाढू शकते. मात्र त्यासाठी संहिता प्रसिद्ध झालेली असावी लागते व तिच्या वापरास परवानगी असावी लागते. या बाबतीत एका भारतीय यंत्राचा इतिहास बोधप्रद आहे.

सिंप्यूटर : बंगलोर (आता बंगळूरु) येथील भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीतील विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये सिंप्यूटर न्यास स्थापन केला. साक्षर नसलेल्या माणसालाही वापरता येईल, भारतीय भाषांत बोलेल आणि एका गावाने मिळून विकत घ्यावा असा स्वस्त हस्तसंगणक करणे हा त्यांचा हेतू होता. २००१ मध्ये त्याचा नमुना प्रसिद्ध झाला. त्यात २०६ मेगाहर्ट्‌झ वेगाचा स्ट्राँगआर्म प्रक्रियक, स्पर्शाने चालणारा पडदा व लिनक्स प्रणाली होती. एकाच यंत्राचा अनेकांनी वापर करावा म्हणून प्रत्येकाची माहिती वेगळ्या स्मार्ट कार्डावर ठेवण्याची युक्ती त्यात केलेली होती. यंत्राची रचनाही खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्यात आली. पिकोपेटा या कंपनीने भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने २६ एप्रिल २००४ रोजी अमिडा या नावाने तो बाजारात आणला. त्याची किंमत सु. दहा हजार रुपयांपासून पुढे होती. पुढे मुंबईच्या जिओडेसिक कंपनीने पिकोपेटा ताब्यात घेतली.

कर्नाटकातील जमीनविषयक नोंदी, छत्तीसगडमधील शाळा यांसारख्या ठिकाणी सिंप्यूटरचे प्रयोग झाले व एन्कोअरने त्याच धर्तीवर भारतीय सैन्यासाठी ‘साथी’ हे यंत्र तयार केले. परंतु पन्नास हजारांच्या अपेक्षेपुढे २००५ पर्यंतची विक्री सु. चार हजारांवर थांबली. याच काळात भ्रमणध्वनी स्वस्त होत गेला आणि खेड्यातील माणसाच्या हाती प्रथम तोच पोहोचला. अशा रीतीने यंत्र म्हणून सिंप्यूटर मागे पडला.

त्यातील एक भाग मात्र टिकला. लिहिलेला मजकूर यंत्राने वाचून दाखवावा यासाठी रमेश हरिहरन यांनी ‘ध्वनी’ ही आज्ञावली तयार केली होती. भारतीय लिप्या बहुतांशी उच्चारानुसारी असल्याने अक्षरांचे स्वर-व्यंजनांत पृथक्करण करून ध्वनिमुद्रित केलेले लहान लहान ध्वनिखंड जोडीत जावे, हे तिचे तत्त्व होय. अल्प स्मृतीच्या यंत्रासाठी ती रचलेली असल्यामुळे आटोपशीर होती आणि तिची स्रोत-संहिता खुल्या परवान्याखाली होती. २००६-०७ च्या सुमारास केरळमधील स्वतंत्र मलयाळम् संगणन या स्वयंसेवी गटातील संतोष तोट्टिंगल यांनी ती हाती घेऊन युनिकोड संकेताशी जुळती केली व तिचा विस्तार केला. नंतरच्या आवृत्त्यांत मराठीसह सु. दहा भाषांची सोय झाली. अंध वाचकांना अशा आज्ञावलीचा उपयोग उघड आहे.

मराठीसाठी हे काम हिंदीची नक्कल करून भागण्यासारखे नसते. ‘घर’ या शब्दातील अंत्य ‘अ’ उच्चारात लोपतो, हा नियम दोन्ही भाषांत आहे. पण ‘चहा’ व ‘चमचा’, ‘जीव’ व ‘जाऊ’ यांतील च आणि ज यांचे तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार मराठीत होतात आणि लिपीत त्यांना वेगळी चिन्हे नाहीत. असे भेद आज्ञावलीत घालावयाचे तर मराठी जाणणाऱ्यास तिच्या संहितेपर्यंत पोहोचता आले पाहिजे. खुल्या परवान्यामुळे ‘ध्वनी’च्या बाबतीत तो मार्ग मोकळा राहिला.

रायगड जिल्ह्यातील वापर : महाराष्ट्रातील सामान्य माणसाचा हस्तसंगणकाशी संबंध आला तो मुख्यतः एस.टी.च्या गाडीत. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतर सु. सहा दशके वाहकाजवळ निरनिराळ्या दरांच्या छापील तिकिटांची पेटी व तिकिटाला भोक पाडण्याचा चिमटा असे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून त्यांची जागा तिकीट छापणाऱ्या हस्तयंत्राने घेतली. महामंडळाच्या रायगड विभागाचे कार्यालय पेणजवळ रामवाडी येथे असून पेण व रोहा ही या विभागातील आगारे होत. पेण, नागोठणे, रोहा आणि भोवतालची खेडी यांमधील प्रवासाच्या नोंदी तेव्हापासून या यंत्रांत होऊ लागल्या. २०२२ नंतर जुन्या यंत्रांच्या जागी अँड्रॉइड प्रणालीची यंत्रे आली व त्यांवर डिजिटल भरणाही घेता येऊ लागला.

तिकीट-यंत्र हा एका कामापुरता बनविलेला पूर्ण हस्तसंगणकच असतो. मार्गावरील थांबे, सहा किलोमीटरचा एक याप्रमाणे टप्पे, टप्प्यांनुसार भाडे आणि सवलतींचे नियम त्याच्या स्मृतीत भरतात. वाहकाने चढण्याचे व उतरण्याचे ठिकाण निवडताच भाडे निघते व तिकीट छापले जाते. पाळी संपल्यावर विक्रीचा गोषवारा आगारातील संगणकाकडे जातो. धोरणातील प्रत्येक बदल या आज्ञावलीत उतरवावा लागतो. उदा., ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील प्रवाशांना विनामूल्य प्रवासाची व १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. कोणत्या वर्षी कोणत्या गावाहून कोण किती भाड्यात प्रवास करू शकत होते, याचे नेमके उत्तर अशा आज्ञावलीत व तिच्या दरतक्त्यांत असते.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे येथे एक विशेष अडचण उभी राहते. छापखान्यातील जुने तिकीट शाईने छापलेले असल्यामुळे दशकानुदशके वाचता येते व संग्राहकांकडे त्यांचे नमुने आढळतात. हस्तयंत्राचे तिकीट उष्णतासंवेदी कागदावर उमटते. त्यात शाई नसते. कागदावरील रासायनिक लेप तापून काळा होतो आणि ऊन, दमटपणा व घर्षण यांनी पुन्हा फिका पडतो. म्हणजे कागद टिकत नाही आणि यंत्र मोडीत निघाल्यावर त्यातील आज्ञावलीही राहत नाही. पामच्या आज्ञावल्यांच्या प्रती हजारो लोकांकडे होत्या, म्हणून त्यांचा संग्रह करता आला. कार्यालयीन यंत्राची आज्ञावली एकाच पुरवठादाराकडे व एकाच ग्राहकाकडे असते. तिची दुसरी प्रत बाहेर कोठेही नसते. भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केलेल्या पाटीसंगणकांवर २०११ मध्ये सुरू झालेली सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय जनगणना किंवा वीजमीटरची हस्तयंत्राने होणारी नोंद यांनाही हाच प्रश्न लागू आहे. मूळ आकडे मुख्य संगणकात उतरलेले असले, तरी ते कोणत्या पडद्यावर, कोणत्या क्रमाने व कोणते पर्याय देऊन विचारले गेले, हे यंत्रातील आज्ञावलीच सांगू शकते.

कायदा व जतन : भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम १९५७ मध्ये असून १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतींत झाला. त्यामुळे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत तिला संरक्षण मिळते. आज्ञावलीचे व्यवहारातील आयुष्य मात्र दहा वर्षांचेही नसते. कलम ५२ अन्वये आज्ञावलीची वैध प्रत बाळगणाऱ्यास नाश वा हानी यांपासून बचावासाठी राखीव प्रत करता येते, तसेच तिची कार्यपद्धती जाणून घेण्यासाठी तिचे निरीक्षण व अभ्यास करता येतो. ही सूट जतनास उपयोगी असली, तरी अशी प्रत सार्वजनिक रीत्या वाटण्याची मुभा तीतून मिळत नाही. दुसऱ्या बाजूस ई-कचऱ्यासंबंधीच्या २०११, २०१६ व २०२२ च्या नियमांनी कार्यालयांतील जुनी यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणाकडे सोपविण्याची व्यवस्था घालून दिली आहे. आरोग्याच्या व पर्यावरणाच्या दृष्टीने ती आवश्यकच आहे. परंतु यंत्र भंगारात जाण्यापूर्वी त्याच्या स्थायी स्मृतीची नक्कल, दरतक्ते व वापर-पुस्तिका यांची एक प्रत दप्तरखान्यात पोहोचली नाही, तर ती नंतर मिळत नाही.

पुनरुज्जीवनाच्या आजवरच्या इतिहासावरून असे दिसते, की यंत्राचा खप किंवा मजबुती यांवर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून नसते. पामचा खप मोठा होता व त्याची तांत्रिक माहिती उपलब्ध होती, म्हणून ते एम्युलेटरच्या रूपाने पुन्हा चालू लागले. न्यूटन बाजारात अपयशी ठरला, तरी त्याच्या जाणकारांनी त्याचे घड्याळ दुरुस्त केले. सिंप्यूटर चार हजारांच्या आसपास विकला गेला, पण त्याची वाचा खुल्या संहितेमुळे मराठीपर्यंत येऊन पोहोचली. याउलट, पेण-रोहा मार्गावर रोज वाहकाच्या गळ्यात लटकणारे तिकीट-यंत्र संख्येने व वापराने या सर्वांहून आपल्याला जवळचे असूनही त्याची आज्ञावली पुढील पिढीच्या हाती लागण्याची शक्यता सर्वांत कमी आहे. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या यंत्राच्या खरेदी-करारातच त्याच्या संहितेची व दस्तऐवजाची एक प्रत ठरावीक मुदतीनंतर सार्वजनिक संग्रहात ठेवण्याची अट घातली गेल्यास ही उणीव अल्प खर्चात दूर होऊ शकेल.